बेसिनखालचं नाव

आमच्या घरात काहीही हलत नाही. सासरे कारखान्यात फोरमन होते आणि भोपाळच्या इंद्रपुरीतलं हे घर त्यांनी एखादं मोठं यंत्र बसवावं तसं बसवलं. कपडे वाळत घालायच्या तारेला असे हूक ठोकलेत की उद्या भिंत पडली तरी तार जागची हलणार नाही. देवघर बोल्टांवर उभं आहे. दिवाणखान्यातलं कपाट रंगाच्या वेळी सरकवता येत नाही, म्हणून त्याच्या मागची भिंत अजून पहिल्या पोपटी रंगाचीच आहे. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांनी आवळलेले नट आम्हाला सगळ्यांना धरून आहेत. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे सुंभच लोखंडाचा होता.

मी इंदूरची. आमच्याकडे दारं दिवसभर उघडी आणि तोंडंही. या घरातली माणसं कऱ्हाडकडची. नोकरीपायी भोपाळला आली, पण उंबऱ्याच्या आत हिंदीचा शब्द येऊ द्यायची नाहीत. मी नवी नवी असताना 'फोडणी टाकते' म्हणायच्या ऐवजी 'भाजी छौंकते' म्हणाले तर सासूबाई माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी तेल तापायच्या आतच गॅस बंद केला. मला या घरात पहिल्या दिवसापासून कोंडल्यासारखं होत आलं आहे. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

तर घरातली सगळ्यात न हलणारी वस्तू म्हणजे सासूबाईंच्या खोलीला लागून असलेल्या बाथरूममधलं बेसिन. खरं म्हणजे ते बेसिन नव्हतंच. ते सासूबाईंचं घंगाळ होतं, आंघोळीचं पाणी काढायचं, पितळेचं, चांगलं मोठं, माहेरून आलेलं.

त्याची हकिगत अशी. घर बांधून झालं तेव्हा सासूबाई वडिलांच्या आजारपणात माहेरी गेल्या होत्या. इकडे नव्या बाथरूममध्ये गीझर आला आणि घंगाळ रिकामं झालं. सासऱ्यांना रिकामी वस्तू बघवत नसे, माणूसही नसे. दुकानातून पांढरं बेसिन आणण्याऐवजी त्यांनी कडप्प्याच्या कट्ट्याला घंगाळाच्या मापाचं गोल भोक पाडलं, कानशीने घासून त्याची कड गुळगुळीत केली, घंगाळाच्या कड्या काढल्या, बुडाला भोक पाडून पाइप जोडला आणि घंगाळ वरून त्या भोकात सोडलं. काठ कट्ट्यावर टेकला, पोट खाली लोंबलं. एवढ्यावर कुणाचंही भागलं असतं. सासऱ्यांचं भागलं नाही. त्यांनी खालून घंगाळाच्या पोटाभोवती एक लोखंडी रिंग घातली आणि ती दोन्ही बाजूंच्या विटांच्या खांबांना नटबोल्टांनी आवळून टाकली. "हत्ती बसला तरी हलायचं नाही," असं ते पाहुण्यांना सांगत. हत्ती काही कधी आला नाही, पण पाहुणे मात्र वाकून वाकून बघत आणि वाहवा करत.

सासूबाई परत आल्या, त्यांनी बघितलं आणि एकच वाक्य बोलल्या. "माझं नाव मोरीखाली गेलं."

घंगाळावर त्यांचं नाव कोरलेलं होतं, काठाच्या जरा खाली, बाहेरच्या अंगाला. सासरचं नाव नव्हे, माहेरचं. घंगाळ त्यांच्या आत्याने लग्न ठरायच्याही आधी घेऊन ठेवलं होतं, म्हणून त्यावर सौभाग्यवती नाही, आडनाव नाही, नुसतं नाव. लग्नात ते नाव बदललं. त्या नावाने हाक मारणारी माणसं एकेक करून गेली. आणि जिथे ते लिहिलेलं होतं ती एकुलती एक जागा सांडपाण्याच्या पाइपाशेजारी अंधारात गेली.

त्यानंतर सासूबाईंनी त्या बेसिनमध्ये एकदाही चूळ भरली नाही. रोज सकाळी मागच्या अंगणातल्या नळावर जायच्या, भोपाळच्या जानेवारीतसुद्धा, डोक्याला मफलर गुंडाळून. शेजाऱ्यांना वाटायचं सोवळं असेल. सासऱ्यांना वाटायचं सवय आहे. मला खरं कारण कळलं ते घंगाळ घासायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा. चिंच आणि मीठ माझ्या हातात देत त्या म्हणाल्या होत्या, "आतून लखलखीत झालं की पुरे. नाव बाहेरून आहे, तिथवर तुझा हात जायचा नाही." तेव्हापासून दर शनिवारी मी दुसऱ्याच्या दुःखाला आतून पॉलिश करत आले.

मग सासूबाई अंगणात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला, अंगण बंद झालं. आता तरी बेसिन वापरतील की नाही? पलंगापासून बाथरूमचं दार चार पावलांवर. पण नाही. सकाळी तोंड धुवायला तसराळं आणि तांब्या पलंगाशी. जेवणानंतर चूळ भरायला तसराळं. रात्री कवळी काढायला तसराळं. ते मी आणायचं, धरायचं, रिकामं करायचं. घराबाहेर माझं पाऊल पडायचं ते फक्त भाजीपुरतं, तेही घड्याळाकडे बघत. नवरा निवृत्त होऊन घरातच होता, पण त्याला तसराळं धरणं जमत नसे. त्याचं म्हणणं, आईला संकोच वाटेल. आईला वाटायचा की नाही देव जाणे, त्याला नक्की वाटायचा.

एके दिवशी माझा तोल गेला. "अहो आई, चार पावलांवर बेसिन आहे! किती दिवस मी ही थुंकी वाहायची?"

सासूबाईंनी तोंड पुसलं आणि शांतपणे म्हणाल्या, "ते काढ. दुसरं बसव. मग मी जाईन तिथे."

"काढते."

"पण अख्खं काढायचं. कापायचं नाही. मला ते बघायचंय."

मी शब्द दिला. शब्द देताना मला सासऱ्यांचे नटबोल्ट आठवले नाहीत, फक्त माझी सुटका दिसत होती.

नवऱ्याने पांढरं, लंबगोल बेसिन आणलं. मी विचारलं, माप घेतलं होतं का? तो म्हणाला, बेसिनं सगळी सारखीच असतात. प्लंबर आला. जुन्या भोपाळचा, पन्नाशीचा, तोंडात गुटख्याची पुडी आणि चेहऱ्यावर घाई. त्याने नवं बेसिन घंगाळाच्या तोंडावर आडवं धरून बघितलं. लांबीला काठाच्या बाहेर येत होतं, पण रुंदीला दोन्हीकडून आत जात होतं. भोक मोठं आणि गोल, बेसिन अरुंद. ते कट्ट्यावर टेकलं असतं तरी पुढे-मागे फटी राहिल्या असत्या.

"साहब, बेसिन का नाप नहीं लेते, छेद का लेते हैं," तो म्हणाला. "गोल लाना पड़ेगा, चौड़ी किनारी का."

मग तो खाली वाकला, टॉर्च मारला आणि त्याने शीळ घातली. "ये किसने बाँधा है? नट तो जाम पड़े हैं. ग्राइंडर ले आता हूँ. रिंग तक हाथ नहीं जाएगा, भांडे को ही दो टुकड़े कर देंगे, अपने-आप निकल आएगा."

पलीकडच्या खोलीतली पलंगाची कुरकूर थांबली. मी म्हटलं, भैया, कापायचं नाही. नवरा म्हणाला, "अगं, घंगाळाच्या बुडाला भोक आहे. अख्खं काढून काय त्यात लोणचं घालणार आहेस?" आणि दोघं स्कूटरवरून आनंद नगरच्या दुकानाकडे गेले, गोल बेसिन आणायला आणि वाटेत कुणाकडून तरी ग्राइंडर घ्यायला.

मी खोलीत डोकावले. सासूबाई छताकडे बघत होत्या.

"कापतील ना गं?" त्यांनी विचारलं.

माझा स्वभावच तापट. मला कुणी 'होणार नाही' म्हटलं की माझे हात शिवशिवतात. प्लंबरची पिशवी तिथेच पडली होती. मी त्यातून पाना घेतला, खोबरेल तेलाची बाटली घेतली, ओढणी कमरेला बांधली आणि कट्ट्याखाली शिरले.

पुढचे दोन नट तेल पाजून, शिव्या घालून सुटले. माझा मलाच असा अभिमान वाटला की काय सांगू. मागचे दोन दिसत नव्हते. ते हातानेच चाचपडायला हवे होते. मी भिंतीकडे पाठ टेकून बसले, मान वाकडी केली आणि उजवा हात घंगाळाचं पोट आणि लोखंडी रिंग यांच्या मधल्या फटीतून वर घातला. हात गेला. पाटलीसकट गेला. बोटांना नट लागला. चांगला सैल वाटला. मी दोन-तीनदा फिरवला आणि हात बाहेर ओढला.

हात आला नाही.

पाटली आत जाताना तिरकी होऊन गेली होती आणि आता रिंगच्या कडेला आडवी अडकली होती. ही पाटली लग्नात सासूबाईंनी माझ्या हातात घातलेली. तेव्हा खुळखुळायची. आता मनगट भरलं, हाड रुंदावलं आणि साबण लावूनही ती निघत नसे. मी हात फिरवला. वर केला, खाली केला. मग घाबरून जोरात ओढला आणि तीच चूक झाली. कातडी सोलली आणि मनगट फुगायला लागलं.

मोबाइल स्वयंपाकघरात होता. तो वाजला. पुन्हा वाजला. मी तिथे एका हाताने टांगलेली, गाल विटेला टेकलेला, मानेवर पाइपातलं थेंब थेंब पाणी. माठात मूठ अडकलेल्या माकडाची गोष्ट आम्ही लहानपणी ऐकली होती. माकडाला निदान मूठ उघडायची सोय होती. उघड्या पाइपातून एक झुरळ बाहेर आलं, माझ्याकडे मिशा हलवून बघितलं आणि मी ओरडले. झुरळामुळे ओरडले की इतक्या वर्षांचं साठलेलं ओरडले, कुणास ठाऊक. इंदूरच्या गल्लीतली सगळी हिंदी माझ्या तोंडातून त्या घरात पहिल्यांदा निघाली.

"काय झालं गं?" पलीकडून आवाज आला.

"काही नाही!"

"काही नाही म्हणून एवढी ओरडतेस?"

"हात अडकलाय. तुम्ही उठू नका!"

मग मला वॉकरचा आवाज ऐकू आला. ठक. थांबणं. ठक. त्या एकट्या कधी उठल्या नव्हत्या. बाथरूमची फरशी ओली होती आणि ती मीच ओली केली होती. त्या घसरल्या असत्या तर मला जागचं उठताही आलं नसतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी रिंगला बांधलेली. "आई, येऊ नका. आई, ऐका माझं!" मी रडायलाच लागले. ठक. ठक. दारात पांढरं पातळ दिसलं, मग वॉकरचे रबरी पाय, आणि सासूबाईंनी आंघोळीचं स्टूल पायाने पुढे ढकललं आणि त्यावर बसल्या. धापा टाकत होत्या. माझा जीव भांड्यात पडला.

त्यांनी येताना उशाशी ठेवलेली डोक्याच्या तेलाची बाटली कमरेला खोचून आणली होती. ती त्यांनी कट्ट्याच्या कडेवरून माझ्या हातावर ओतली. त्यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांत गेलं. पाटली तशीच.

"मी सोडवली असती," त्या म्हणाल्या, "पण वाकता येत नाही."

"तुम्ही नुसत्या बसा. पडू नका म्हणजे झालं."

मग आम्ही दोघी बसलो. एक स्टुलावर, एक जमिनीवर. दोघींनाही उठता येत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात काढली, पण अशा नुसत्या, हातात काही काम नसताना, समोरासमोर आम्ही कधी बसलो नव्हतो. मला खाली त्यांचे पाय दिसत होते, टाचांच्या भेगा आणि जोडवी काढल्यावर बोटांवर राहिलेले वळ.

"नाव दिसतंय का तुला तिथून?" त्यांनी विचारलं.

मी मान वळवली. घंगाळाचं पोट हिरवं पडलं होतं. काठाखाली जळमटं आणि मळाचा थर. "नाही दिसत. पण बोटाला लागतंय काहीतरी. खड्डे खड्डे."

"तेच. ठोके आहेत ते." त्यांचा आवाज बदलला. "भांड्यांच्या दुकानाबाहेर नावं घालणारा बसायचा. आत्याने मला सोबत नेलं होतं. त्याने विचारलं, नाव काय? आत्या सांगायच्या आत मीच सांगितलं. तो एक एक ठोका मारायचा आणि अक्षर उमटायचं. मी शेवटपर्यंत तिथेच बसून राहिले. तेव्हा मला वाटलं होतं, आता हे कधी पुसायचं नाही."

मी बोट त्या खड्ड्यांवरून फिरवलं.

"लग्नात यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने नवीन नाव लिहिलं. माझं लक्ष त्या तांदळाकडेच. कुणी ताटाला धक्का लावला तर पुसून जाईल, असं मनात आलं. पण बघ, तांदळातलं टिकलं. पितळेवरचं गेलं."

नळ बंद होता, बाहेर भाजीवाला ओरडत होता, आणि मी विटेला गाल लावून रडत होते. हात दुखत होता म्हणून रडते, असं त्यांना वाटलं असेल. वाटू दे.

स्कूटर आली. नवरा पांढऱ्या गोल बेसिनचा खोका घेऊन आत आला आणि दारातच थांबला. आई स्टुलावर, बायको कट्ट्याखाली, सगळीकडे तेल. प्लंबरने मागून डोकावलं आणि त्याची घाई एकदम उतरली. तो खाली झोपून टॉर्च लावून बघायला लागला.

"भाभीजी, हिलाना मत. हाथ फूल गया है." मग तो वर बघून म्हणाला, "अम्मा, रिंग पर ग्राइंडर नहीं चला सकता, चिंगारी चेहरे पे जाएगी. पर ये भांडा पतला है. ऊपर से पतरे की कैंची मारूँगा तो पाँच मिनट में हाथ बाहर."

"मार, मार," नवरा म्हणाला. "बघतोस काय?"

"कोणत्या बाजूने?" सासूबाईंनी विचारलं. शुद्ध मराठीत. प्लंबरला तरी समजलं. त्याने हाताने दाखवलं. जिथे माझी बोटं होती, तिथूनच. नावावरून.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मला त्यांचा चेहरा आडवा दिसत होता, कट्ट्याच्या काळ्या कडेखालून.

"काप," त्या म्हणाल्या. "पोरीचा हात महत्त्वाचा."

"नाही!" मी ओरडले. "पाटली कापा! भैया, चूड़ी काटो! भांडे को हाथ मत लगाना!"

"अगं, वेडी का तू?" नवरा खरोखर घाबरला. "सवाष्णीची पाटली कापतात का? मी धडधाकट उभा आहे इथे!"

"तुम्ही धडधाकट उभेच आहात! अडकलेय मी!"

तो आईकडे वळला. आजवर या घरात असल्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचाच होता. कोणत्या वाराला नखं कापायची नाहीत, कोणत्या दिवशी केस धुवायचे नाहीत, हे सगळं त्यांनी सांगायचं आणि मी पाळायचं. मला खात्री होती की त्या नाही म्हणणार. हाताला मुंग्या येत होत्या, बोटं गार पडत चालली होती आणि मला तेव्हा पहिल्यांदा खरी भीती वाटली. हाताची भीती तितकी नव्हती. आता घंगाळ कापतील, मी सुटेन, आणि मग जन्मभर याच घरात त्या दोन तुकड्यांसोबत राहावं लागेल, याची होती.

सासूबाईंनी वॉकर पकडला, पण उठल्या नाहीत.

"तू गप्प बस," त्या मुलाला म्हणाल्या. "घातली मी होती. काढायची ती मी सांगते." आणि प्लंबरकडे वळून, आयुष्यात मी त्यांच्या तोंडून ऐकलेली पहिली हिंदी बोलल्या. "बेटा, चूड़ी काटो."

प्लंबरने आरीचं पातं काढलं, एका टोकाला चिंधी गुंडाळली आणि पाटली आणि माझ्या मनगटाच्या मध्ये कापड सरकवून घासायला सुरुवात केली. तो माझ्या शेजारी जमिनीवर पालथा पडलेला, 'माफ करना भाभीजी, माफ करना' म्हणत. नवरा तोंड फिरवून उभा. सोनं कापताना यायला हवा तसा आवाज नव्हता. भुसभुशीत, मऊ आवाज यायला लागला आणि माझ्या कोपरावर लाल चुरा पडला.

"खून?" प्लंबर दचकला.

रक्त नव्हतं. लाख होती. जी पाटली भरीव म्हणून जन्मभर मिरवली, जिच्यावरून माझ्या माहेरच्या दागिन्यांना नावं ठेवली गेली, ती आतून लाखेची. मला तशा अवस्थेत हसू फुटलं. "आई, ही तर पोकळ निघाली!"

"मलाही भरीव म्हणूनच दिली होती," सासूबाई म्हणाल्या.

पाटली फाकली आणि हात बाहेर आला. सोललेला, सुजलेला, पण माझा. मी तो छातीशी धरून कट्ट्याखालून रांगत निघाले आणि सासूबाईंच्या पायाशी बसून राहिले. त्यांनी तेलकट पदराने माझं तोंड पुसलं. लहान मुलाचं पुसतात तसं, जरा जोरातच.

पुढचं काम प्लंबरने ग्राइंडरला हात न लावता केलं. मागचे नट निम्मे मीच सोडवले होते, हे इथे नमूद करायला हवं. रिंग खाली आली, पाइप सुटला आणि घंगाळ वर उचलून काढलं तेव्हा कट्ट्यात गोल, काळं, रिकामं भोक उरलं. इतकी वर्षं ते भरलेलंच बघितलं होतं. मग त्याने भोकाची कड पुसली, भोवती सिलिकॉनचा पट्टा सोडला, रुंद काठाचं पांढरं बेसिन वरून अलगद बसवलं आणि बोटाने कड सारखी केली. "कल सुबह तक पानी मत डालना," असं बजावून तो गेला. जाताना पाटलीचे तुकडे त्याने स्वतः रुमालात बांधून देवघरात ठेवले.

संध्याकाळी मी घंगाळ मागच्या अंगणातल्या नळावर नेलं. डाव्या हाताने चिंच आणि मीठ लावून घासलं, या वेळी बाहेरून. हिरवं निघालं, काळं निघालं, आणि ठोक्याठोक्याने अक्षरं वर आली. मी ते उचलून सासूबाईंच्या पलंगावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, मग काढला आणि बोटांनीच वाचलं.

"तू वाच," त्या म्हणाल्या.

सुनेने सासूचं नाव घ्यायचं नसतं. मी घेतलं. मोठ्याने.

"परत."

मी परत घेतलं. त्यांनी डोळे मिटले होते. कुणीतरी लांबून हाक मारतंय आणि ओ द्यावी की नाही हे ठरत नाही, असा त्यांचा चेहरा झाला होता. मग त्यांनी डोळे उघडले.

"तुझं काय होतं गं, माहेरचं?"

मी सांगितलं.

"चांगलं आहे की. मग बदललं कुणी?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण इतका वेळ अडकून पडल्यावर अंगात खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "तुम्हीच बदललंत, आई. ते तुम्हाला हिंदीवाल्यांचं वाटलं होतं."

त्या घंगाळाच्या काठावरून बोट फिरवत राहिल्या. मी रात्रीचं तसराळं आणलं, त्यांनी मुकाट्याने चूळ भरली, मी ते रिकामं केलं आणि दिवा मालवला. मला वाटलं, संपलं. काही गोष्टी सुटतात, काही नटांना तेल लागत नाही.

सकाळी मी चहा ठेवत होते. हात अजून ठणकत होता आणि मनगट हलकं लागत होतं, इतकं हलकं की चमचा उचलताना ते जास्तच वर जायचं. बाथरूममधून वॉकरचा आवाज आला, मग नळाचा, मग चूळ भरल्याचा आणि थुंकल्याचा. चांगला खणखणीत. त्यानंतर त्यांनी हाक मारली.

"अगं, टॉवेल दे!"

पण 'अगं'च्या आधी त्यांनी माझं नाव घेतलं होतं. माहेरचं. या घराच्या भिंतींनी अशी हाक कधी ऐकली नव्हती. नवरा वर्तमानपत्र खाली करून इकडेतिकडे बघायला लागला, कोण आलंय म्हणून.

टॉवेल माझ्या खांद्यावरच होता. मी ओ दिली नाही. चहा उतू जात होता तरी तिथेच उभी राहिले, म्हणजे त्या पुन्हा एकदा हाक मारतील.